खिडकीच्या गजाला बांधलेली ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. टायरात बसणारी गोल, फुगलेली ट्यूब नव्हे. तसल्या एका ट्यूबमधून कापून काढलेली, चार बोटे रुंद आणि माणसाच्या दीडपट लांब अशी काळी पट्टी. तीही आता अखंड राहिलेली नाही. माझे दोन तुकडे झाले आहेत. तुमच्याशी बोलते आहे तो मोठा तुकडा, सेल्सोकाकांच्या पंक्चरच्या दुकानात खिळ्याला टांगलेला. लहान तुकडा एका हॉटेलच्या खिडकीच्या गजाला गाठ मारलेला तसाच राहिला. तो कोणी सोडला असेल असे मला वाटत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो अंधार. टायरच्या पोटात, हवा धरून, मी नऊ वर्षे गुरांच्या ट्रकखाली फिरले. पाराग्वेतला चाकोचा रस्ता सरळसोट आहे, पण काट्यांना तिथे तोटा नाही. पाच वेळा मला भोक पडले आणि पाचही वेळा सेल्सोकाकांनी ठिगळ लावले. सहाव्या वेळी त्यांनी मला पाण्याच्या टाकीत बुडवले, बुडबुडे पाहिले आणि मान हलवली. मग कात्री घेतली. ठिगळांच्या जागा सोडून त्यांनी माझ्या चार पट्ट्या कापल्या आणि दुकानाच्या दारात लटकवल्या. तेव्हा मी पहिल्यांदा ऊन पाहिले. मला फार आवडले ते. रबराला ऊन आवडू नये, हे मला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या शेजारची पट्टी, म्हणजे माझी सख्खी बहीणच, काकांनी अंगणाच्या फाटकाला बांधली. फाटक आपोआप मिटावे म्हणून. दोन उन्हाळे तिने मुकाट काम केले. मग एका सकाळी ती तुटली आणि तिचे मोकळे टोक दाणे टिपणाऱ्या कोंबडीला लागले. कोंबडी जागच्या जागी आडवी झाली. त्या दुपारी काकांकडे रस्सा शिजला, पण जेवण झाल्यावर ते तुटलेली पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

"रबर कुरकुरत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "सांगतही नाही. एकदम सोडून देतं."

मी दारात लटकत होते. ते शब्द मी ऐकले, आणि त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक जुनी व्हॅन दुकानापुढे येऊन थांबली. टायर बसला होता. आतून वाद्ये उतरली, माणसे उतरली आणि सर्वांत शेवटी एक उंच, ताठ मानेची बाई उतरली. तिचे नाव सुनिल्दा. काका तिला आणि तिच्या घरच्यांना ओळखत होते. वय एकतीस. डोक्यावर बाटल्यांची उतरंड रचून नाचणारी. तुमच्याकडे बायका डोक्यावर हंडे घेतात ना, तशीच. फक्त ती बाटलीवर बाटली, त्यावर आणखी बाटली चढवते, आणि हात न लावता गिरक्या घेते. व्हॅनमधून गावोगाव फिरायचे, हॉटेलात उतरायचे, संध्याकाळी नाचायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचे गाव गाठायचे, असा तिचा धंदा.

तिने मला हातात घेतले आणि दोन्ही टोके धरून ताणले.

"काका, ही द्या ना मला."

"कशाला? नवऱ्याला बांधायला?" काकांनी टायर काढता काढता विचारले.

"नवरा असता तर साखळी मागितली असती. व्यायामाला हवी."

"बाटल्यांनी मान मोडली म्हणे तुझी?"

"मोडली नाही हो, मुरगळली. सातवी बाटली चढली आणि पाठच बसली माझी. डॉक्टर म्हणाले, एक तर नाच सोड, नाही तर मान-पाठ बैलासारखी कर. नाच सोडून मी काय करू? आणि रोज नव्या हॉटेलात लोखंड कुठं वाहून नेऊ?"

काका हसले. त्यांनी माझ्यावर पाय ठेवला, वर ओढून पाहिले, मग उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत न्याहाळले.

"घे. पण ऐक नीट. उन्हात टाकायची नाही. तेल, तूप, चरबी, कसलंच बोट लावायचं नाही. घाण झाली तर साबण-पाणी. आणि महिन्यातून एकदा अशी उजेडात ताणून बघायची. नखाएवढी चीर दिसली तरी फेकून द्यायची. दया करायची नाही. माझ्या कोंबडीला विचार, ती सांगेल."

"कोंबडी कुठंय?"

"पोटात," काका म्हणाले, आणि दोघेही हसले.

मी हसले नाही. पण मला ती बाई आवडली. तिने मला घडी करून पिशवीत ठेवले, तिच्या नाचाच्या घागऱ्याशेजारी.

मित्रांनो, माझे चांगले दिवस आता सुरू झाले. हॉटेलात शिरल्यावर इतर लोक आधी गादी दाबून बघतात, कोणी नळ सोडून बघतात. सुनिल्दा पिशवी खाली न ठेवताच खिडकीकडे जायची आणि गज हलवून बघायची. गज पक्का असला की तिचा चेहरा खुलायचा. दाराच्या मुठीवर तिचा विश्वास नव्हता. एका हॉटेलात मूठ उखडून तिच्या हातात आली होती आणि मालकाशी अर्धा तास हुज्जत घालावी लागली होती.

दुपारी बारा वाजले की आमच्याकडे गावेच्या गावे झोपतात. दुकानांची दारे लागतात, कुत्रीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडतात. सुनिल्दाचा व्यायाम त्याच वेळी चाले. मला गजाला बांधायची, जमिनीवर बसून भिंतीला पाय लावायची आणि मला दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढायची. मग टॉवेल घेऊन मला कपाळाभोवती लावायची आणि खिडकीकडे पाठ करून मान ताठ ठेवत एक एक पाऊल पुढे जायची. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्या पिशवीत घालायची आणि पिशवी डोक्यावर उचलायची. पलंगावर पाय, जमिनीवर हात, असे जोर काढायची. चाळीस मिनिटे, बस. थकली असली तर वीस. "एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन नाही," हे ती मोठ्याने म्हणायची, जणू मीच कंटाळा केला होता.

वर्षभरात तिची पाठ रुंद झाली. सात बाटल्या पुन्हा चढल्या. मग आठ.

तिला बाटल्या रचून देणारी मावशी होती. खुर्चीवर उभी राहून ती एकेक बाटली चढवून द्यायची. मावशीचे गुडघे गेले आणि तिने फिरणे सोडले. तिच्या जागी कोण आले असेल? सुनिल्दाचा बाप. लिबोरिओ त्याचे नाव. जन्मभर चाकोच्या कुरणांत घोड्यावरून गुरे हाकलेला माणूस. मुलगी लोकांपुढे बाटल्या घेऊन नाचते, हे त्याला पटले नव्हते. चार वर्षे त्याने तिच्याशी बोलणे टाकले होते. मग घोड्याने त्याला पाडले, कंबर गेली, आणि कुरणाच्या मालकाने त्याला निरोप दिला. तो एका पिशवीनिशी मुलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"महिनाभर राहतो," एवढेच तो म्हणाला.

महिना संपला, तो राहिला. गुरांवर दोर फेकणारा त्याचा हात बाटल्या रचताना जराही थरथरत नसे. पण बोलणे तेवढ्यापुरतेच. "सरळ आहे?" तो विचारी. "सरळ आहे," ती म्हणे. दिवसभरात बाप-लेकीत तेवढेच शब्द.

त्याच्या पिशवीत पेरूच्या वडीचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात वड्या नव्हत्या, गुरांची चरबी होती. कातडी दोराला ती रोज लावायची, अंगठ्याने जिरवायची, म्हणजे दोर कोरडा पडून तडकत नाही. त्याचा बाप तेच करायचा, त्याचा आजाही. त्याचा स्वतःचा दोर वीस वर्षे टिकला होता. आता दोर नव्हता, गुरे नव्हती, पण डबा होता. रिकाम्या हातांचे काय करावे ते त्याला कळत नव्हते.

एका दुपारी विल्यारिकाच्या हॉटेलात व्यायाम संपवून सुनिल्दा आंघोळीला गेली. लिबोरिओ खुर्चीत बसून शिंगाच्या पेल्यातून थंडगार तेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचा चहा, नळीने ओढत होता. त्याची नजर माझ्यावर पडली. तो उठला. त्याने मला गजावरून सोडवले, मांडीवर घेतले, डबा उघडला, अंगठ्यावर चरबीचा गोळा घेतला, तळहातात ऊब दिली आणि मला एका टोकापासून चोळायला सुरुवात केली.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला फार सुख वाटले. ट्रकखाली मला कोणी कुरवाळले नव्हते. सुनिल्दाही मला ओढायचीच, दुसरे काय करणार? या म्हाताऱ्याचे हात खरखरीत होते, पण हळू चालत होते. चरबी आत जिरत होती आणि मी मऊ होत होते. काकांचे शब्द मला आठवत होते. तरी मला वाटले, चालू दे.

सुनिल्दा केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बाबा, ते..."

"काय?" त्याने वर पाहिले. "कोरडी पडली होती तुझी ही दोरी. तुटली असती. तू एवढी मेहनत करतेस, अवजार नको का चांगलं?"

चार वर्षे आणि तीन महिन्यांत तिने बापाच्या तोंडून ऐकलेले हे सर्वांत लांब बोलणे होते. 'एवढी मेहनत करतेस' हे शब्द ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. तिने तोंड उघडले होते, ते मिटले.

"काही नाही," ती म्हणाली. "छान चमकतेय."

त्या दिवसापासून रोज व्यायाम संपला की लिबोरिओ मला मांडीवर घ्यायचा. हात चालू झाले की त्याचे तोंडही चालू व्हायचे. तो कुरणातल्या गोष्टी सांगायचा, मेलेल्या बायकोच्या आठवणी काढायचा, एकदा तर हसलासुद्धा. "तुझी आई असती ना, आठव्या बाटलीला डोळे झाकून बसली असती," तो म्हणाला, आणि सुनिल्दा जमिनीवर बसून लहान मुलीसारखी ऐकत राहिली. मग तो डुलकी घ्यायचा. तो घोरू लागला की ती मला गुपचूप उचलायची, न्हाणीत न्यायची आणि साबणाने घासघासून धुवायची.

वरची चरबी जायची. आत गेलेली कशी जाणार?

पुढच्या फेरीत आम्ही पुन्हा विल्यारिकाला उतरलो तेव्हा हॉटेलच्या मालकीणबाई, एमेरेन्सिया, टॉवेल द्यायला आल्या आणि त्यांनी हा प्रकार पाहिला.

"अगं बाई, ट्यूबला आंघोळ घालतेस की काय?"

"हळू बोला ना. बाबा झोपलेत."

तिने सगळे सांगितले. एमेरेन्सियाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग सांगून टाक म्हाताऱ्याला! एका वाक्याचं काम आहे. 'बाबा, रबराला चरबी चालत नाही.' झालं."

"आणि मग ते काय करतील दिवसभर? डबा बंद करतील आणि तोंडही. पुन्हा आपलं 'सरळ आहे? सरळ आहे.' तुम्हाला नाही कळायचं. चार वर्षं मी त्यांचा आवाज ऐकला नाही."

"मला एवढंच कळतं, की ही वस्तू तू तोंडासमोर ताणतेस."

"मी रोज बघते हो तिला."

"बघ बाई," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी टॉवेल ठेवले, पण जाताना एकदा माझ्याकडे वळून पाहिले. ती नजर मला आवडली नाही.

दहा बाटल्यांचे बोलावणे त्याच सुमाराला आले. एन्कार्नासिओनला नदीकाठच्या उत्सवात, हजारो लोकांपुढे. तिथे दहा बाटल्या पेलल्या तर मोठ्या नाचमंडळीत कायमची जागा मिळणार होती, आणि मग दर दिवशी नवे गाव, नवे हॉटेल ही वणवण थांबणार होती. सुनिल्दाने मला आणखी जोराने ओढायला सुरुवात केली. लिबोरिओने मला आणखी प्रेमाने चोळायला सुरुवात केली. दोघांच्या मध्ये मी आतून बदलत होते. माझी कड सैल झाली होती. हात लावला की मी किंचित चिकटायचे. ताणल्यावर पूर्वी मी झटकन परत यायचे, आता जरा रेंगाळायचे. म्हातारा सुरुवात नेहमी एकाच टोकापासून करी, बोटावरचा सगळा गोळा तिथेच पडे. ते टोक सुजल्यासारखे जाड आणि मऊ झाले होते.

मग उत्तरेचा वारा सुटला. हा वारा आला की आमच्याकडे माणसे विनाकारण भांडतात, गायी दूध चोरतात आणि नळ कोरडे पडतात. वाटेतल्या तीन हॉटेलांत ओळीने पाणी नव्हते. प्यायला पाणी बादलीने मिळत होते, ट्यूब धुवायला कोण देणार? तीन दिवस चरबी माझ्या अंगावर तशीच राहिली आणि व्हॅनच्या टपावरच्या उन्हात ती वितळून आत उतरत गेली.

चौथ्या दिवशी आम्ही एन्कार्नासिओनला पोहोचलो. सुनिल्दाने खोलीत शिरताच खिडकीचे गज हलवले. पक्के होते. मग तिला आठवण झाली, काकांनी सांगितलेला महिना झाला होता. तिने मला उजेडात ताणले. मऊ टोकापासून वीतभर अंतरावर एक चीर होती. नखाएवढी. तिने तिच्यावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मी मनात ओरडत होते, टाक मला, दया करू नकोस. मला माझी बहीण दिसत होती, कोंबडी दिसत होती.

"काय बघतेस?" मागून लिबोरिओने विचारले.

"काही नाही, बाबा."

"दे इकडे. आज दोनदा लावतो. आज मोठा दिवस आहे."

तिने मला त्याच्या हातात दिले. तो मला चोळत असताना ती खिडकीबाहेर नदीकडे बघत होती. ओठ हलत होते तिचे. मला वाटते ती म्हणत होती, उत्सव झाला की नवी घेईन.

दुपारी सगळे हॉटेल झोपले. तिने मला बांधायला घेतले. मऊ टोक तिच्या हातात बुळबुळीत लागले, पकड बसेना. म्हणून तिने मला उलटे केले. कोरडे, घट्ट टोक हाताला आणि बुळबुळीत टोक गजाला. मित्रांनो, एवढ्याशा गोष्टीने सगळे ठरले. चीर तिच्या हाताजवळ असती तर मी तुटून खिडकीकडे गेले असते. काच फुटली असती, इतकेच.

"आज जरा कमी कर," लिबोरिओ म्हणाला. तो पेल्यात थंड पाणी ओतत होता. "संध्याकाळी दहा पेलायच्यात."

"अंग गरम करते फक्त. वीस वेळा."

ती बसली. भिंतीला पाय लावले. मला छातीपर्यंत ओढले. एक, दोन, तीन. लिबोरिओ तिच्याबरोबर मोजत होता, त्याला आता तेही आवडू लागले होते. सात, आठ. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. ट्रकभर बैल ज्या अंगाने पेलले होते, त्याच अंगाने. नऊ, दहा. चीर रुंदावली, मला आतून कळले. अकरा, म्हातारा म्हणाला, आणि मी सुटले.

मी तिच्या चेहऱ्यावर गेले. डाव्या डोळ्यावर.

आवाज फार मोठा झाला नाही. शिंगाचा पेला खाली पडला त्याचाच जास्त झाला. सुनिल्दा ओरडली नाही. दोन्ही हातांनी डोळा दाबून ती पुढे वाकली आणि म्हणाली, "बाबा, दिवा लावा ना." बाहेर लख्ख दुपार होती.

त्या संध्याकाळी नदीकाठी ढोल वाजले, ते मी रिकाम्या खोलीतून ऐकले. दहा बाटल्या दुसऱ्या कोणी पेलल्या असतील, मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी ती दोघे सेल्सोकाकांच्या दुकानात आली. सुनिल्दाच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो, एवढेच डॉक्टरांनी वाचवले होते. लिबोरिओने मला पिशवीतून काढून काकांच्या टेबलावर टाकले.

"तुझ्या दुकानातली वस्तू," तो म्हणाला. त्याचा आवाज खुनशी होता. "असला सडका माल देतोस होय पोरीबाळींना?"

काकांनी मला उचलले, तुटलेली कड बोटांत चुरली, तिचा खडूसारखा भुगा झाला नाही, ती चिखलासारखी पसरली. मग त्यांनी मला नाकाशी नेले.

"चरबी," ते हळूच म्हणाले. "कुणी लावली हिला?"

"मी," सुनिल्दा पटकन म्हणाली.

लिबोरिओने तिच्याकडे पाहिले. मग आपल्या हातांकडे. त्याच्या बोटांच्या रेघांत चरबी अजून होती.

"खोटं बोलतेय. मी लावली. रोज. आमचा दोर..." तो अडखळला. "का रे? चरबीनं काय होतं?"

"रबर सडतं, लिबोरिओ. कातड्याला जे जगवतं ते रबराला खातं. पण मी तर पोरीला पहिल्याच दिवशी..." काका बोलता बोलता थांबले. फार उशिरा थांबले.



"तुला माहीत होतं?" म्हाताऱ्याने विचारले.

तिने मान खाली घातली. बाटल्या नसतानाही ताठ राहणारी ती मान मी पहिल्यांदा वाकलेली पाहिली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलायला लागला होता, बाबा."

लिबोरिओ टायरांच्या ढिगावर बसला. तो रडला, मित्रांनो. घोड्याने पाडले तेव्हा रडला नव्हता म्हणतात, पण त्या दिवशी काळ्या टायरांवर बसून, हात मांडीला पुसत पुसत रडला. कितीही पुसले तरी चरबी काही हाताची जात नव्हती. शेवटी काकांनी त्याच्यापुढे साबणाची वडी आणि पाण्याची बादली ठेवली.

काकांनी सुनिल्दाला नवी पट्टी कापून दिली आणि मला खिळ्याला टांगले. गिऱ्हाइकांनी विचारले की ते माझी गोष्ट सांगतात. कोंबडीपासून सुरुवात करतात, म्हणून लोक आधी हसतात.

गेल्या महिन्यात ती दोघे पुन्हा येऊन गेली. नव्या पट्टीला लिबोरिओ आता चरबी लावत नाही, साबण-पाण्याने धुतो आणि सावलीत वाळवतो. व्यायाम बंद झालेला नाही. पण बाटल्या पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागत आहेत, कारण एका डोळ्याने तोल वेगळा कळतो. व्हॅनचा टायर भरून होईपर्यंत त्यांनी दुकानाच्या अंगणात सराव केला. लिबोरिओ खुर्चीवर चढला. एक ठेवली, दुसरी ठेवली. तिसरी ठेवताना त्याने विचारले, "सरळ आहे?"

ती गप्प राहिली. मला खिळ्यावरून दिसत होते, बाटली डावीकडे कलली होती, तिच्या आंधळ्या बाजूला. म्हाताऱ्याची कंबर दुखत होती आणि त्याचा चेहरा आशेने भरला होता. 'सरळ आहे' म्हणणे किती सोपे होते. ती गप्प असतानाचा तो क्षण मला हॉटेलातल्या सगळ्या दुपारींपेक्षा जड गेला.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "कललीय. उतरवा."

त्याने बाटली उतरवली, छातीशी धरली आणि तो पुन्हा पहिल्यापासून रचू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी तरी कसली तरी काळजी घेत असेल. रोपाला रोज तांब्याभर जास्त पाणी घालत असेल, म्हाताऱ्या कुत्र्याला गोड भरवत असेल, किंवा माझ्यासारख्या एखाद्या वस्तूला प्रेमाने चोळत असेल. ते चुकते आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर कृपा करून त्याच दिवशी सांगा. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. मी सांगू शकले नाही, कारण मला तोंड नव्हते. सुनिल्दाला होते.